मुदवाडीवरची स्वारी

शके १७०६, श्रावण वद्य तृतीया. मुक्काम पुणे, कसबा.

आजपासून दैनंदिनी ठेवायची असे ठरवले. पुण्याच्या दरबारात कोळदुर्ग संस्थानचा वकील म्हणून येऊन मला आता दोनेक महिने होतील. एवढ्यातच इतके अनुभव जमले आहेत की ते वाया जाऊ नयेत असे वाटते. पुढे कोणीतरी त्यातून शिकेल.

आमचे कोळदुर्ग म्हणजे दक्षिणेला डोंगराच्या कुशीत एक गढी, थोडी गावे आणि महाराजांचा संधिवात. तीन बाजूंनी पुणे सरकारची हद्द. चौथ्या बाजूला कडा. अशा राज्याने पुण्याशी कसे वागावे? थोरल्या जावेच्या चुलीवर आपली भाजी शिजवून घ्यावी, तसे. माझ्या आधीचे वकील जाताना मला म्हणाले होते, "यज्ञेश्वरपंत, बघत जा, विचारत जा आणि गप्प बसत जा." मी त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेला असल्यामुळे हा सल्ला मला लागू नाही.

राहती जागा बरी आहे. शेजारी आप्पासाहेब, म्हणजे दरबारातले बडे प्रस्थ. कात्रजचे पाणी आधी त्यांच्या हौदात पडते आणि तो भरला की नळीने आमच्याकडे येते. आप्पासाहेबांच्या घरातून, म्हणजे द्वारकाकाकू, मनात आले की नळीला बोळा लावतात. गेल्या आठवड्यात त्यांनी तो लावला. मी आप्पासाहेबांना तक्रारअर्ज धाडला, वर एक संस्कृत सुभाषितही घातले. दुसऱ्या दिवशी ठिबकत होते तेही पाणी बंद.

मग कुटुंब काकूंकडे जाऊन आले. मी विचारले, "पाण्याचं बोललीस ना?"

"छे हो. लिंबाचं लोणचं कसं घालायचं ते विचारलं."

"तुला येत नाही लोणचं?"

"येतं की."

संध्याकाळी पाणी धो धो आले. माझा अर्ज उशिरा का होईना, लागू पडला म्हणायचा.

श्रावण वद्य एकादशी

उपास. सर्जेराव आले होते. हे मुदवाडीचे वकील. मुदवाडी आमच्याही पलीकडचे, आमच्याहून लहान संस्थान. लहानांचे लहानांशी जमते, तसे आमचे जमले आहे. ते बिबवेवाडीला एका मळ्यात उतरले आहेत. गावात घोड्यांना वैरण महाग पडते म्हणतात. सोंगट्या खेळलो. हरलो, पण उपास होता म्हणून.

त्यांच्याकडून मैनेची खुशाली कळली. आमची एकुलती एक मैना मुदवाडीलाच दिलेली. पहिलटकरीण आहे, दिवाळीनंतर मोकळी होईल. बाळंतपण खरे तर माहेरी व्हायचे, पण माहेर आता पुण्याला आले आणि वाट लांबची. कुटुंब याबद्दल काही बोलत नाही. नुसते भांडी जोरात घासते.

भाद्रपद शुद्ध षष्ठी

आज दरबारात आमची छाप पडली!

आप्पासाहेबांकडे गणपतीचे जेवण होते, तिथून सगळे दरबारास गेलो. श्रीमंत पुण्यात नसल्याने मसनदीला मुजरे करून आप्पासाहेबच कामकाज चालवतात. मला खांबाच्या मागची जागा असते. मोदक चांगले झाले होते, त्यामुळे कामकाजाच्या आरंभी मी थोडा वेळ डोळे मिटून चिंतन केले.

डोळे उघडतो तर दरबार चिडीचूप. मधोमध चौरंगावर चांदीचे तबक, त्यावर रेशमी रुमाल आणि रुमालावर एकच विडा. सोन्याचा वर्ख लावलेला. आणि एवढे मोठमोठे सरदार, पण एकेक जण आपापल्या मिशा आणि गालिच्यावरची वेलबुट्टी न्याहाळतो आहे! आप्पासाहेबांचा चेहरा तर रडवेला झाला होता.

अहो, आमच्या कोळदुर्गात यजमानाने विडा पुढे ठेवला आणि तो तबकात सुकला, तर त्याचे नाक कापल्यासारखे होते. कोणीतरी पहिला उचलायचा असतो, मग बाकीच्यांना मिळतात. पुणेकर तुसडे आहेत हे ऐकून होतो, पण सरकारचा विडासुद्धा घेऊ नये? मी मनाशी म्हटले, यज्ञेश्वरा, लहान संस्थानाने शिष्टाचार दाखवायची हीच वेळ. उठलो, खांबामागून पुढे आलो, मसनदीला मुजरा केला, विडा उचलला आणि तोंडात टाकला.

काय सांगू! सारा दरबार "वाहवा, वाहवा" म्हणून उठला. एका सरदाराने माझ्या पाठीत अशी थाप मारली की सुपारी घशात गेली. आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. "धन्य कोळदुर्ग!" म्हणाले. एका विड्याचे एवढे कौतुक इथेच पाहिले.

सर्जेरावांना आज दरबारचे बोलावणे नव्हते, का कोण जाणे. उद्या सगळे रंगवून सांगीन.

विडा उत्तम होता. कात किंचित जास्त.

भाद्रपद शुद्ध सप्तमी

सर्जेराव सकाळीच आले. बसा म्हटले तर बसेनात.

"पंत, विडा उचललात म्हनं?"

"उचलला. कुणी उचलेना, बरं दिसेना."

"आवो, बरं दिसायचा न्हवता तो." आणि ते पायरीवरच डोके धरून बसले. "मुदवाडीवर चालून जायचा विडा हुता तो."

हळूहळू सगळे कळले. त्यांच्या राजेसाहेबांनी आषाढात गढीवर सकाळ-संध्याकाळ चौघडा सुरू केला, पुण्याची परवानगी न घेता. चौघडा हा मान. तो वरून मिळायचा असतो, आपण आपला घ्यायचा नसतो. शेजारीच पुण्याचे ठाणे आहे, तिथल्या ठाणेदाराची झोपमोड झाली, त्याने कागद केला. म्हणून मुदवाडीला धडा शिकवण्याचा विडा काल दरबारात ठेवला. जो उचलील त्याने स्वारी करायची.

"मग एवढे सरदार बसले होते, ते का नाही उठले?"

"मुदवाडीत लुटायला काय हाय, पंत? जोंधळा आन् चौघडा. तेवढ्यापायी घाट कोन उतरतंय?"

विडा उचलणे ही मला आजवर बोलण्याची एक रीत वाटत होती. पुण्यात तो खरोखर तबकात घालून आणतात, हे मला कोणी सांगितले नव्हते. कोळदुर्गाने तीन पिढ्यांत कोणावर चाल केलेली नाही, मग मला कळावे तरी कसे?

मुदवाडीत माझी मैना आहे. माझ्या गरोदर लेकीच्या सासरावर मी स्वारी घेतली, आणि वर तो विडा चघळत घरी आलो.

भाद्रपद शुद्ध अष्टमी

कुटुंबाला सांगितले. वाटले होते ती आकांत करील. तिने हातातली परात बाजूला सारली. मग विचारले, "खाल्लात?"

"हो."

"निदान तेवढं तरी थांबायचं होतं."

जेवण झाले नाही. कोणी वाढलेही नाही.

भाद्रपद शुद्ध द्वादशी

आप्पासाहेबांना भेटलो. म्हटले, गैरसमज झाला, विडा परत घ्यावा. ते म्हणाले, "पंत, खाल्लेला विडा परत घेण्याची सोय अजून पुण्यात झालेली नाही."

मग जवळ घेऊन हळूच म्हणाले, "अहो, सरकारचा विडा तबकात सुकला असता तर आम्ही तोंड कुठे दाखवलं असतं? तुम्ही लाज राखलीत. आता दसऱ्याला निघा म्हणजे झालं."

मला ओरडून सांगावेसे वाटले की आमच्या पागेत जी घोडी आहेत ती लग्नसराईत वरातीला भाड्याने जातात. पण महाराजांची सक्त ताकीद आहे की आपल्याकडे फौज नाही हे पुण्याला कळता कामा नये. कळले की दुसऱ्या दिवशी कोळदुर्गही गेले. नाही म्हणावे तर सरकारचा रोष, हो म्हणावे तर लेकीच्या दारात तोफ, आणि तोफ आणायची तर तीही उसनी.

घरी आलो तर दत्तोबा, आमचा जुना गडी, नाक्यावरून परत आलेला. कुटुंबाने मैनेसाठी डिंक, खोबरे आणि बाळाची दोन अंगडी बांधून दिली होती. शहराच्या नाक्यावर शिपायांनी परत पाठवले. मुदवाडीवर स्वारी जाहीर झाली आहे, तिकडे चिंधीसुद्धा जायची नाही.

कुटुंबाने ते बोचके उराशी धरले आणि मग रडली. मी तिला काय सांगणार? माझ्या तोंडाला अजून त्या काताची चव आहे.

भाद्रपद वद्य नवमी

पितृपक्ष. आज एक मोठी गोष्ट घडली, म्हणजे मला एक युक्ती सुचली.

कुटुंब हौदावरून येऊन सहज बोलत होते. काकूंचे एक बंधू आहेत, ते कित्येक वर्षे काशीला निघालेले आहेत. दर मुहूर्ताला पंचा, सुपारी, नारळ असे प्रस्थान शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. प्रस्थान ठेवले की माणूस निघाला असे शास्त्र आहे. ते ठेवतात आणि जेवायला घरी येतात. मुदत टळली की बोचके परत आणून नवा मुहूर्त.

"म्हणजे निघाल्यासारखंच ना हो ते?" कुटुंबाने विचारले. "मला काही कळत नाही बाई."

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्वारीचेही प्रस्थान ठेवता येईल! मी तिला समजावून सांगितले. तिने डोळे मोठे करून "अगं बाई, असं होय?" म्हटले. तिला कोणी समजावून सांगायला लागते, हे एक आहे.

आश्विन शुद्ध दशमी, दसरा

कोळदुर्गाची स्वारी आज मुदवाडीकडे निघाली.

श्रीनिवासभट जोशांनी मुहूर्त काढला. प्रस्थान जायच्या दिशेला, वेशीबाहेर, कोणाच्या तरी घरी ठेवावे लागते. दिशा दक्षिण. त्या दिशेला माझ्या ओळखीचे पुण्यात एकच घर, सर्जेरावांचे. पर्याय नव्हता, जाऊन विचारले.

"म्हंजे आमच्यावर चालून यायचं सामान आमच्याच घरात ठेवायचं?"

"दिशाच ती आहे, सर्जेराव. मी काय करू?"

ते इतके हसले की मळ्यातले बगळे उडाले. मग म्हणाले, "आना. देवघरात ठेवू."

आप्पासाहेब स्वतः वेशीपर्यंत निरोपाला आले. तुतारी झाली. बोचक्यात माझी पगडी, उपरणे, नारळ, सुपारी आणि महाराजांनी पाठवलेली कट्यार. दत्तोबाच्या डोक्यावर ते देऊन मी मागे चाललो. नाक्यावरच्या शिपायांनी स्वारीचे प्रस्थान म्हणून बोचक्याला मुजरा केला. गेल्याच महिन्यात याच शिपायांनी याच दत्तोबाला हाकलले होते.

एवढे मात्र लिहून ठेवतो की बोचके माझ्या अंदाजापेक्षा बरेच फुगले होते. कट्यारीला म्यान मोठे असावे.

आश्विन वद्य षष्ठी

मुदत संपली, प्रस्थान परत आणले, नवा मुहूर्त पाहून पुन्हा पाठवले. जाताना दत्तोबा ओझ्याखाली वाकला होता. परत आणले होते तेव्हा मात्र त्याने ते एका बोटावर लटकवून आणले होते. वयोमानाप्रमाणे त्याची ताकद कमीजास्त होते बहुधा.

दुसरे, माझी जुनी धोतरे नाहीशी होत आहेत. नवीन नाहीत, जुनीच, वापरून वापरून मऊ झालेली. चोराची आवड विचित्र आहे. परिटाला झापले. तो म्हणाला, "देवाशपथ, मी नाही." कुटुंब म्हणाले, "जाऊ द्या हो, कुणाच्या तरी कामी येतील."

आश्विन अमावास्या

दिवाळी. घरात कोणी पणती लावायच्या मनःस्थितीत नाही, लावल्या मात्र. द्वारकाकाकूंनी फराळाचे ताट पाठवले. चकली कडक होती, त्यांच्यासारखीच. कुटुंब म्हणाले की तसा निरोप पाठवू नका.

कार्तिक शुद्ध पंचमी

घात झाला. आप्पासाहेबांनी बोलावून सांगितले, "पंत, प्रस्थान पुष्कळ झालं. तुमचं बोचकं दोनदा जाऊन आलं, ठाणेदाराची झोप अजून परत यायची आहे. घाट सुकले. सरदार जयसिंगराव पौर्णिमेनंतर मोकळे आहेत, तेच जातील तुमच्या नावानं."

जयसिंगरावांकडे खरी फौज आहे. त्यांच्या वाटेत आलेल्या गावात पुन्हा चूल पेटायला वर्ष लागते असे म्हणतात. आणि मैनेचे दिवस भरत आले आहेत.

सर्जेरावांकडे गेलो. सोंगट्या मांडल्या होत्या, पण दान कोणीच टाकेना. मी म्हटले, "तुमच्या राजांना सांगा ना, बंद करा म्हणावं तो चौघडा."

"सांगून दमलो. राजं म्हनत्यात, वाजिवला न्हाई तर कुनी काय म्हनलं नसतं. वाजवून बंद क्येला तर गाव हासंल. त्यापरीस मेलेलं बरं."

त्यात चूक काय आहे? लहानाला मान एवढासाच असतो, म्हणून तो घट्ट धरून बसावे लागते.

रात्री कुटुंब म्हणाले, "अहो, चौघडा गढीवरून उचलून देवीच्या देवळात ठेवला तर? देवाच्या दारच्या चौघड्याला कुठे कुणाची परवानगी लागते?"

मी जरा चिडूनच बोललो. "राज्याराज्यांचे प्रश्न आहेत ते. त्यात देवीला कशाला आणतेस? आणि हे दरबारात सांगणार कोण? मी? शत्रूवर चालून निघालेला माणूस शत्रूची सोय सांगतो, असे म्हणतील." ती "बरं" म्हणाली आणि झोपली.

कार्तिक शुद्ध सप्तमी

आज फार ओशाळलो. मी परसात दात घासत होतो. भिंतीपलीकडे हौदावर द्वारकाकाकू आणि आमचे कुटुंब बोलत होत्या.

"काकू, एक विचारू? हसू नका हं. देवळातला चौघडा वाजवायला कुणाची परवानगी काढावी लागते का हो?"

"कुणाची काढणार? देवाची?"

"नाही, आमच्याकडे एवढं कुणाला कळत नाही. म्हणजे समजा, एखाद्यानं गढीवरचा चौघडा नेऊन देवळात ठेवला..."

"तर मग तो देवाचा झाला. त्यात विचारायचं काय? एवढीशी गोष्ट कळत नाही होय गं तुला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, काकू. हे पुरुषांच्या कसं लक्षात येत नाही, बघा ना."

"पुरुषांच्या!" काकू म्हणाल्या. "आमच्याकडच्यांना पगडी डोक्यावर आहे की खुंटीवर, हे मी सांगते तेव्हा कळतं."

परवा रात्री हीच गोष्ट हिनेच मला सांगितली होती! दोन दिवसांत साफ विसरली, आणि परक्या बाईपुढे अडाण्यासारखी विचारत बसली. काळजीने तिच्या डोक्यावर परिणाम तर नाही ना झाला? वैद्यांना विचारले पाहिजे.

कार्तिक शुद्ध दशमी

आप्पासाहेबांची बुद्धी म्हणजे बुद्धी! आज भर दरबारात ते म्हणाले, "आम्हाला रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एक तोड सुचली." आणि काय सांगावे, मुदवाडीकरांनी चौघडा देवीला वाहावा, मग सरकारची हरकत नाही! सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरातल्या बोलण्याशी हे जुळावे, हा केवळ योगायोग.

पण मुदवाडीचे राजे ऐकतील का? सर्जेरावांनी तडक सांडणीस्वार धाडला.

कार्तिक वद्य चतुर्थी

उत्तर नाही. जयसिंगरावांच्या घोड्यांना नाल ठोकत आहेत, आवाज कसब्यात येतो. कुटुंब देवापुढून उठत नाही. मीही शेजारी बसलो.

कार्तिक वद्य अष्टमी

ऐकले! राजांनी वाजतगाजत चौघडा देवीला वाहिला. देऊळ गढीच्या भिंतीलाच लागून आहे, राजांना खिडकीतून पूर्वीइतकाच ऐकू येतो. ठाणेदारालाही पूर्वीइतकाच येतो, फक्त आता त्याला अंथरुणात उठून हात जोडावे लागतात. सरकारचा शब्द राहिला, राजांचा मान राहिला. आप्पासाहेबांनी स्वारी रद्द केली.

जयसिंगराव मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "पंत, लढाई न करता जिंकलात." मी नम्रपणे मान लववली.

पाणी सकाळपासून वाहते आहे. काकूंनी नळीचा बोळाच काढून टाकला असे दत्तोबा सांगतो. माझ्या यशाचा परिणाम शेजाऱ्यांवरही होतो आहे.

मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी

सर्जेराव सहकुटुंब आले. हातात ते प्रस्थानाचे बोचके. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवले.

"पंत, तुमची स्वारी पोचली हो मुदवाडीला."

"रद्द झाली ना ती?"

"रद्द व्हायच्या आदीच पोचली. नाकं वलांडून, घाट उतरून, थेट तुमच्या व्याह्यांच्या माजघरात. नाक्यावर दर खेपंला मुजरा घेऊन गेली."

मग हळूहळू उलगडले. पगडी आणि कट्यार त्यांच्या देवघरातच राहिली. बाकीचे जे होते ते त्यांच्या जासुदाने पुढे नेले. डिंकाचे लाडू, बाळगुटी, कुंची, आणि माझ्या जुन्या मऊ धोतरांची शिवलेली दुपटी. बोचके येताना हलके का असायचे ते आता कळले. परिटाची क्षमा मागायला हवी.

"आन् पोरगी झाली मैनाबाईंना. दोगी खुशाल हाईत. बारशाला पोरीच्या अंगावर तुमच्या धोतराचं दुपटं हुतं. हे घ्या."

बोचके सोडले. आत बारशाची साखर आणि खोबऱ्याच्या वाट्या. मला एकदम भडभडून आले, आणि मी सर्जेरावांच्या देखत रडलो. त्यांनी पंचा पुढे केला. कोळदुर्गाने तीन पिढ्यांत एकच स्वारी केली, आणि ती माझ्या नातीला पांघरायला गेली.

कुटुंब दारात उभे होते. मी म्हटले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दरबारात सांगितलं असतं. वर सुभाषित घालून."

मग आणखी काही गोष्टी डोक्यात एकामागून एक येऊ लागल्या, काकूंचे काशीला निघालेले बंधू, देवीचा चौघडा, लिंबाचे लोणचे. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती पदराला हात पुसत होती. यावर सवडीने विचार करीन, आज नको.

जेवणे झाली. तिने आतून तबक आणले आणि माझ्यापुढे ठेवले. मधोमध एकच विडा, वर लवंग टोचलेली. आणि तिथेच उभी राहिली. सर्जेराव मिशीत हसत जमिनीकडे पाहू लागले.

मी हात पुढे केला आणि आखडता घेतला.

"हा कसला?"

"मुदवाडीवर जायचा. नातीला बघायला. आप्पासाहेबांची रजा काकूंनी काढून ठेवली आहे. मी बरोबर येणार."

"उचलू?"

"उचला. या खेपेला विचारलंत, हे बरं केलंत."

उचलला. आधी डोळ्यांना लावला, मग खाल्ला. कात बेताचा होता.

उद्या निघतो. श्रीनिवासभट म्हणाले, हा आठवडाभर मुहूर्त नाही. कुटुंब म्हणाले, प्रस्थान दसऱ्यालाच झालेले आहे.